लेकीला बँड काढायचाय : वाजवणाऱ्या मुली घडतात कशा?

रानजाई

नमस्कार मंडळी. महिनाभर मनात घोळतंय ते आज लिहून काढते.

आम्ही सांगलीत राहतो. लेक नववीत आहे, पाच वर्षं पेटी शिकतेय, गांधर्वची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाली. तिने आणि वर्गातल्या तीन मैत्रिणींनी यंदा गॅदरिंगला स्वतः गाऊन-वाजवून एक गाणं करायचं ठरवलं होतं. एकीकडे भावाची गिटार आहे. एक बाकावर असा ठेका धरते की आजूबाजूच्यांचे पाय आपोआप हलायला लागतात. चौथी गाते. दोन आठवडे मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळी आमच्या गच्चीवर तालीम चालली होती. निवडीच्या दिवशी सरांनी गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "छान गाता गं पोरींनो. आता असं करा, चौघी पुढे उभ्या राहून गा, वाजवायला आपली बारावीची मुलं आहेत."

झालं. लेक हात मागे बांधून कोरसमध्ये उभी राहिली आणि पेटी दुसऱ्याच कुणी वाजवली. घरी येऊन रडली नाही. चार दिवस पेटी उघडली नाही, एवढंच.

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहीत आहे. त्यांना तर वाटलं आपण मुलींची सोय केली. तेच मला जास्त लागलं. मग आजूबाजूला बघायला लागले. भोंडला, मंगळागौर, भावगीत स्पर्धा, गाणाऱ्या मुली घरोघरी. साथीला कोण? तबल्यावर दादा, पेटीवर काका, कीबोर्डवर आणखी एक दादा. मुलींना आपण गाऊ देतो, वाद्य हातात देताना मात्र हात आखडतो. आणि गाऊ देतो तेही एकेकटीला : क्लास एकटीचा, परीक्षा एकटीची, बक्षीसही एकटीचं. चौघींनी मिळून, भांडत, चुकत एक गाणं उभं करावं अशी जागाच कुठे नाही.

आता चौघींना शाळेबाहेर बँड काढायचाय. मला गिटारच्या तारा किती असतात तेही मोजून बघावं लागतं. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का? काय घ्यावं, कुठे बसावं, कुणाकडे शिकावं, आईबापांनी काय करावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये, सगळं सांगा.

ताशाच्या_मागे

रानजाई, वाचून पोटात तुटलं. पुण्यात वाढले, सोळाव्या वर्षी ढोल-ताशा पथकात गेले. लोकांना वाटतं पथकात मुली आल्या म्हणजे प्रश्न संपला. आमच्या पथकात मुली निम्म्याहून जास्त होत्या. ढोल होता, ध्वज होता, झांजा होत्या. ताशा मात्र मुलांकडे. ताशेवाला म्हणजे म्होरक्या. तो जिकडे नेईल तिकडे शंभर ढोल जातात. मी दोन वर्षं मागत होते. "तुझ्या मनगटाला झेपणार नाही" हे उत्तर. ढोल कमरेला बांधून पाच-पाच तास उभं राहणं झेपत होतं, दोन काड्या झेपणार नव्हत्या.

शेवटी मी घरी प्लास्टिकच्या डब्यावर काड्यांचा सराव केला. तिसऱ्या वर्षी आमचा ताशेवाला तापाने पडला तेव्हा मी पुढे गेले. तेव्हापासून कुणी विचारलं नाही. पण सगळ्याच मुली तीन वर्षं डबे बडवत वाट बघतील असं नाही, आणि त्यांनी बघावी तरी का?

आणखी एक. विसर्जन झालं की वाद्यं गोडाऊनमध्ये जातात आणि त्याबरोबर मुलींचं वाजवणंही. घरात हाताशी वाद्य नसेल तर हात विसरतात. वाद्य हाताशी ठेवा. कपाटावर नको, गवसणीत नको, येता-जाता दिसेल असं.

विठूची_वारी

धागा महत्त्वाचा आहे, पण एक दुरुस्ती. आमच्या सातारा भागात महिला भजनी मंडळांत बायकाच पेटी वाजवतात, टाळ तर सगळ्याच जणी. आमच्या गावात पखवाजसुद्धा एक मावशी वाजवतात, वय साठीच्या पुढे. म्हणजे "बाई वाजवत नाही" हे सरसकट खरं नाही. लग्न, मुलं, संसार सगळं मार्गी लागल्यावर वाजवायची मुभा मिळते, हे खरं. सोळाव्या वर्षी मिळत नाही.

रानजाई

विठूची_वारी, पटलं. माझ्या सासूबाई पन्नाशीनंतर भजनी मंडळात पेटी शिकल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "लहानपणी शिकायची होती, पण आबा म्हणाले वाजंत्री व्हायचंय का." हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

मांडवीकाठ

गोंयांतल्यान नमस्कार. आमच्याकडे चर्चच्या शाळांत पोर्तुगीज काळापासून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रांत आणि जॅझ बँडांत गोव्याचे वादक भरले. ती यादी काढून बघा, पुरुषच पुरुष. मुली घरी पियानो शिकायच्या, पाहुणे आले की एक तुकडा वाजवून दाखवायच्या. कोंकणी गायिका लोर्ना विशीच्या आतच गायला लागली आणि अख्ख्या गोव्याची झाली, पण तिच्या मागे उभा असलेला ख्रिस पेरींचा बँड पुरुषांचाच. तुमच्या लेकीच्या गॅदरिंगचंच चित्र हे, फक्त मोठ्या रंगमंचावरचं.

मी चर्चच्या गायनवृंदाला शिकवते. माझा अनुभव सांगते. मुलगा वाद्य उचलतो आणि येत नसतानाही वाजवायला लागतो. मुलगी आधी विचारते, "टीचर, मी हे बरोबर धरलंय ना?" बारा-तेराव्या वर्षापर्यंत तिला इतक्यांदा "नीट कर" ऐकवलेलं असतं की चुकीचा आवाज काढायचीही भीती बसते. त्यामुळे पहिल्या दिवशी मी मुद्दाम सगळ्यांना दहा मिनिटं वाट्टेल तसं वाजवायला लावते. कान किटतात. पण त्यानंतरच्या तासाला मुली वेगळ्या बसतात, पाठ ताठ करून.

संथ_पाणी

याच वयात मुलींचाही आवाज फुटतो हे कुणी सांगत नाही. मुलांइतका जाणवत नाही, पण १२-१४ च्या सुमारास आवाजात हवा येते, वरचे सूर डळमळतात. मला तेव्हा क्लासमध्ये "रियाज कमी पडतोय" म्हणून बोलणी बसायची. मी गाणं सोडलं. गाणाऱ्या मुलीला हे आधीच सांगून ठेवा की आवाज वर्ष-दोन वर्षांत बसतो, ओढायचा नाही.

पेटीमास्तर

रानजाईताई, आता कामाचं बोलू. चौघी गाणं कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठला सूर 'सा' धरून, करत होत्या?

रानजाई

लेकीला विचारलं. काळी १, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. मूळ गाणं पुरुषाचं आहे आणि गिटारच्या दादाने त्याच पट्टीत शिकवलंय म्हणे. गाणारी अंतऱ्याला चिरकते आणि खाली आली की ऐकूच येत नाही.

पेटीमास्तर

वाटलंच होतं. शंभरातल्या नव्वद ठिकाणी हेच होतं आणि मुलीला वाटतं आपला आवाज वाईट. काळी १ ही पुरुषांच्या सोयीची. बहुतेक मुलींना काळी ४ किंवा काळी ५ बसते. गिटारवालीने गिटारच्या पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा आणि जी, सी, डी या कॉर्डचे हेच आकार धरावेत, काळी ४ आली. तिसऱ्या पडद्यावर लावला तर काळी ५. बोटांना नवीन काही शिकायला नको. पेटीवालीला काळी ४ हाताखाली असणारच.

दुसरं. गिटार मोबाईलवरच्या अ‍ॅपने लावत असतील आणि पेटीबरोबर बेसूर वाटत असेल तर दोष मुलींचा नाही. जुनी पेटी बऱ्याचदा अ‍ॅपच्या सुरापेक्षा थोडी चढी किंवा उतरलेली असते. पेटीचे सूर आपल्याला घरी हलवता येत नाहीत, म्हणून गिटार पेटीला लावायची, अ‍ॅपला नाही. पेटीवालीने एकेक सूर धरून ठेवावा, गिटारवालीने खुंटी फिरवत तो गाठावा. पंधरा मिनिटं लागतील. त्या पंधरा मिनिटांत दोघी एकमेकींना ऐकायला शिकतात, आणि बँड तिथेच सुरू होतो.

तुम्ही मिरजेच्या इतक्या जवळ आहात! एकदा चौघींना सतारमेकर गल्लीत घेऊन जा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा कसा कापतात, तारेचा आवाज खुलावा म्हणून घोडी घासून जवारी कशी काढतात हे डोळ्यांनी बघितलं की वाद्याची भीती जाते.

दोन_मुलींचा_बाबा

थोडं विरोधी लिहितो, राग मानू नये. पुढच्या वर्षी दहावी आहे. क्लास, टेस्ट सिरीज, त्यात बँड. शिवाय मुली कुणाच्या घरी जाणार, किती वाजता परत येणार, शिकवणारा कोण? मी जुन्या विचारांचा नाही, माझी मोठी तबला शिकते. पण वर्तमानपत्र वाचलं की झोप लागत नाही.

रानजाई

दादा, राग कसला, हीच काळजी माझ्या घरातही आहे. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून लेकीच्या बाबांनी होकार दिला, पण बँडला परीक्षा नाही आणि गुणही नाहीत. मला तेच हवंय खरं तर. आठवड्यातले दोन तास तरी तिने असं काहीतरी करावं ज्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

ताशाच्या_मागे

बाबांची सुरक्षिततेची काळजी खरी आहे, ती झटकून टाकू नये. आम्ही काय करायचो ते सांगते. तालीम आलटून पालटून चौघींच्या घरी. घरात एक मोठं माणूस असणारच, पण खोलीत नाही, शेजारच्या खोलीत. शिकवणारा घरी येणार असेल तर एकटीला शिकवणी नाही, चौघी एकत्र. आणि संध्याकाळी सातला गुंडाळायचं, म्हणजे शेजाऱ्यांचाही प्रश्न नाही. मुलींना सांभाळायचं म्हणून त्यांचं वाजवणं बंद करायचं, हा उपाय सगळ्यात सोपा आहे आणि त्याची किंमत एकट्या मुलीच देतात.

पोर्टलंडकर

उशिरा आले धाग्यावर. मी पोर्टलंडला राहते, मूळची नाशिकची. इथे २००१ साली मुलींसाठी रॉक अँड रोल शिबिर सुरू झालं, विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पातून. त्याचं बघून जगभर अशी शिबिरं निघाली. मी दोन उन्हाळे तिथे मदतनीस होते, ते जसं बघितलं तसं सांगते.

सोमवारी मुली येतात. कित्येकींनी गिटार कधी हातात धरलेली नसते. त्याच दिवशी वाद्य निवडायचं आणि त्याच दिवशी बँड ठरवायचा, नावासकट. आठवड्यात एक गाणं स्वतः लिहायचं आणि शेवटच्या दिवशी खऱ्या रंगमंचावर वाजवायचं. दुसऱ्याचं गाणं वाजवायचं नाही, हे मला सुरुवातीला जाचक वाटलं. तीन दिवसांत कारण कळलं. दुसऱ्याचं गाणं घेतलं की मुलगी मूळ गाण्याशी आपली तुलना करते आणि हरते. स्वतःच्या गाण्याला मूळ प्रतच नसते. दोन सुरांचं असलं तरी ते तसंच असतं.

दुसरी पद्धत मला फार आवडली. चुकलं की मुली पटकन "सॉरी" म्हणतात. तिथे सॉरी तोंडातून निघालं की त्याच्या जागी मोठ्याने "आय रॉक" म्हणायचं. पहिल्या दिवशी मुली लाजतात. तिसऱ्या दिवशी खोलीभर ओरडतात. एक अकरा वर्षांची मुलगी होती, ड्रमची काडी हातातून निसटून माझ्या चष्म्यावर आली, आणि तिने माझ्याकडे बघत तेच म्हटलं, घाबरत घाबरत. मी तिला मिठी मारली. काच तडकली होती, ती अजून जपून ठेवलीये.

नखं_कापलेली

मी १९ वर्षांची आहे, छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला. अकरावीत आमचा तिघींचा बँड होता, आठ महिने टिकला. तो का मोडला ते लिहिते, उपयोगी पडेल.

आई-बाबा खूप पाठिंबा देणारे होते. इतके, की दुसऱ्या महिन्यात बाबांनी आमचा व्हिडिओ टाकला. नातेवाइकांनी कौतुक केलं, मग अनोळखी लोक आले. कुणी कपड्यांवर लिहिलं, कुणी बेसवालीच्या वजनावर. ती पुढच्या तालमीला आलीच नाही. मग बाबा म्हणाले रिअ‍ॅलिटी शोची ऑडिशन देऊ. तिथे एकटीच लागते. मी गेले, त्या दोघी नाही गेल्या. ऑडिशनमध्ये काही झालं नाही आणि बँडही उरला नाही.

काकू, प्लीज, पहिलं वर्षभर काहीही कुठेही टाकू नका. त्यांनी स्वतःहून म्हटलं तरच. आणि खोलीत डोकावून "वा वा" पण नका म्हणू. वा वा ऐकू आलं की आम्ही प्रयोग करणं थांबवायचो आणि आधी वा वा मिळालेलंच परत वाजवायचो.

रानजाई

बाळा, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. परवाच मी गच्चीवरच्या तालमीचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणार होते. नाही टाकणार.

उलटा_नकाशा

वरच्या प्रतिसादावरून काश्मीरचा 'प्रगाश' बँड आठवला. दहावीतल्या तिघी. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या स्पर्धेत वाजवलं. त्यानंतर ऑनलाइन धमक्या, मग फतवा. मुख्यमंत्र्यांनी जाहीर पाठिंबा दिला होता, तरी फेब्रुवारी २०१३ मध्ये मुलींनी बँड बंद केला. पाठिंबा वरून आला, पण त्या वयाच्या मुलींना तो रोजच्या गल्लीत लागतो.

याच्या अगदी उलट एक गोष्ट. इंडोनेशियातल्या गारुत जिल्ह्यात, खेड्यातल्या इस्लामी शाळेतल्या तीन मुलींनी २०१४ मध्ये 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' नावाचा मेटल बँड काढला. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदा भाषेत गोंगाट, कलकलाट. हिजाब घालून कडक मेटल वाजवतात. विरोध त्यांनाही झाला. पण शाळेतल्या समुपदेशक शिक्षकाने स्वतः त्यांना ते संगीत ऐकवलं, वाद्यं धरायला शिकवली आणि मागे उभा राहिला. जून २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या, तिथे वाजवणारा इंडोनेशियाचा पहिला बँड. रानजाईताईंच्या लेकीच्या सरांनी त्या दिवशी "पेटी तूच वाजव" एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

तीनतालात

आपल्याकडेही आहे की. मुंबईच्या आबान मिस्त्री तबल्याचं एकल वादन करायच्या, तेही बाई तबल्यावर बसणं लोकांना विचित्र वाटायचं त्या काळात. अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये 'स्त्री शक्ती' काढला, सगळ्या वादक स्त्रिया. आत्ताचं म्हणाल तर मुंबईतल्या 'वाइल्ड वाइल्ड विमेन' ऐका, रॅप करणाऱ्या मुली, मराठीतसुद्धा. लेकीला ही नावं सांगा. आपल्या आधी कुणीतरी हे केलंय हे कळलं की अर्धी लढाई होते.

केबलवाला

मी ध्वनिसंयोजनाचं काम करतो, नगरपासून कोल्हापूरपर्यंत. बाईमाणूस स्टेजवर आलं की आमची पोरं तिला काही विचारत नाहीत, मॅनेजर किंवा नवरा दिसतोय का बघतात. वाईट वाटतं पण खरं आहे. मुलींना केबल गुंडाळायला शिकवा. कोपरावर नाही, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. कुठली पिन कुठे लागते, मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) कुणाचा आवाज हवाय, हे मुलीने स्वतः सांगितलं की समोरचा सरळ होतो. जवळपास काम असेल तेव्हा कळवतो, मुलींना घेऊन या, मिक्सर हाताळू देईन. आईबापांसकट या.

ठेकेवालीला ड्रमसेट आत्ता घेऊ नका. महाग, जागा खातो, शेजारी भांडतात. काहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं, करून घ्या. सुतारालाही जमतो. १२ मिमी प्लायचं खोकं, ३० बाय ३० सेंटीमीटर, उंची ४८. पुढची फळी मात्र ३ मिमीची. मागे १२ सेंटीमीटर व्यासाचं भोक. पुढच्या फळीचे वरच्या कोपऱ्यांतले स्क्रू जरा सैल ठेवायचे, थाप कडक वाजते. आतून फळीला टेकून गिटारच्या जुन्या तारा ताणल्या की झर्र असा आवाज येतो, ड्रमसेटमधल्या स्नेअर ड्रमसारखा. वर बसायचं आणि पायांच्या मध्ये वाजवायचं.

दोन_मुलींचा_बाबा

मोठीला हा धागा वाचायला दिला. ती म्हणाली, "बाबा, मला तबला आवडतो, पण मी आजवर कुणाबरोबर वाजवलंच नाही." पाच वर्षं शिकतेय. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इचलकरंजीत कुणी मुली असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. चहापाणी आमच्याकडे.

रानजाई

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

खोकं झालं! आमच्या कोपऱ्यावरचे सुतारकाका पहिल्यांदा म्हणाले की पुढची फळी एवढी पातळ कशाला, माणूस बसला की मोडेल. त्यांना केबलवालादादांची मापं वाचून दाखवली. तयार झाल्यावर त्यांनी स्वतः बसून चार थापा मारल्या, मग नातीला हाक मारली आणि तिला बसवलं. ठेकेवालीच्या तळहातांना पहिला आठवडाभर लाली होती. गिटारच्या तुटलेल्या तारा आत लावल्या, खरंच झर्र वाजतं.

पट्टी काळी ४ केली. गाणारीने पहिल्यांदा अंतरा घेतला तेव्हा ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, "अगं, हा माझा आवाज आहे?" मी शेजारच्या खोलीत मटार सोलत होते. वा वा म्हटलं नाही. फार अवघड गेलं.

ते गाणं मात्र आता त्यांनी बाजूला ठेवलंय. पोर्टलंडकरचा प्रतिसाद वाचून स्वतःचं लिहायला घेतलं. गिटारवाली बुधगावहून येते, तिची शेवटची एसटी चुकेल या धाकात प्रत्येक तालीम अर्धी राहायची, त्यावरच गाणं आहे. मला ऐकवलेलं नाही, भिंतीपलीकडून दोन ओळी कानावर आल्या :

*थांब ना गं एसटी, अजून एक कडवं,*
*घरी जाऊन पुन्हा मला गप्प बसायचंय.*

त्या संध्याकाळी मी तिच्या आईला फोन केला. आता शनिवारी गाडीने तिला सोडायला आलटून पालटून आम्ही चौघी आया जाणार आहोत.

सासूबाईंनी लेकीच्या पेटीचा भाता तपासून दिला, एक सूर चिकटत होता तो मोकळा केला. काल तालमीला चौघींनी त्यांनाच आत बोलावलं. मला नाही बोलावलं. दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळाने आतून पाच जणींचं हसणं आणि दोन पेट्या एकदम ऐकू आल्या.